एकच ठोका

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, ती मात्र दिवसभर. पुढच्या सोमवारपासून तू आमच्या लिफ्ट कंपनीच्या ऑफिसात रुजू होणार म्हणून तिने तुझी खोली झाडून, पडदे धुऊन ठेवलेत. मला शिडीवर चढवून जळमटं काढायला लावली. आठ मजले वर लिफ्टच्या टपावर उभा राहून दुरुस्ती करणारा माणूस मी, आणि ती खालून ‘पडाल, पडाल’ म्हणत शिडी धरून उभी.

तुझा शनिवारचा शेवटचा कार्यक्रम चांगला झाला असेल.

असेल कशाला, झालाच. मी आलो होतो. आईला सांगितलं की एक लिफ्ट अडकली आहे, आणि तिकीट काढून अगदी मागच्या रांगेत बसलो. एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणजे तुला ड्रम सोडायला लावल्याची टोचणी राहणार नाही, असा हिशेब होता.

शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा वाटलं, पैसे पाण्यात गेले. ती गाणारी मुलगी एकच ओळ कुजबुजल्यासारखी म्हणतेय आणि तू मागे बसून टक्, टक्. शाळेत दोन मिनिटं गप्प बसायची नाहीस म्हणून बाईंकडे मी हेलपाटे घातलेत, आणि इथे मान खाली घालून एकच ठोका. शेजारच्या बाईंना विचारणार होतो, सुरू झालंय का.

मग व्हायोलिन आलं. मग दुसरा गळा, तिसरा. ओळ तीच, पण दर वेळी जरा मोठी होऊन यायची. मला वाटलं, आता तू धावशील. भार वाढला की मोटरसुद्धा चाल बदलते, माझा कान त्यातच मुरलाय. तुझा ठोका तसूभर हलला नाही. नुसता जोर वाढत होता, तोही इतका हळू की कधी वाढला ते कळेना. सगळी मंडळी त्या ठोक्यावर पाय ठेवून वर चढत होती. कुणी घाई करू बघितली की तू त्याला धरून ठेवत होतीस.

माझ्या खुर्चीखालची जमीन थरथरायला लागली. तेवढ्यात तू हात वर नेलेस आणि थांबलीस. सगळेच थांबले. मग तुम्ही सगळे एकदम आमच्यावर कोसळलात. पोरी, असं काही मी जन्मात ऐकलेलं नाही. शेजारच्या बाई रडत होत्या. मीही रडत होतो, पुसायचं भान नव्हतं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बसूनच राहिलो. तुला भेटायला आत यायचा धीर झाला नाही. ज्या हातांना मी फायली लावायला बोलावलं, त्यांच्यासमोर उभा कसा राहू?

आज सकाळी साहेबांना सांगून आलो की मुलगी येणार नाही. ते चिडले. म्हणाले, “शब्द तुम्हीच दिला होता.”

मी म्हटलं, “दिला होता साहेब. पण तेव्हा मी तिला ऐकलं नव्हतं.”

बँडमधली तुझी जागा तुझ्या मंडळींनी अजून कुणाला दिली नसेल, तर पत्र मिळताच जाऊन सांग की मी राहतेय. आईला काही बोललेलो नाही. हे पत्र पेटीत टाकून मगच सांगेन, म्हणजे मागे घेता येणार नाही.

बापाने लेकीला असं लिहायची रीत नाही, तरी लिहितो.

साष्टांग नमस्कार.

तुझा,
बाबा