बासनांचा पडदा

मस्तगड, जालना
१३ सप्टेंबर २०२४

॥ श्री ॥

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी नात आकांक्षा हिचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अखेर जागा मिळाली. किराणा दुकानाच्या माडीवर दोन खोल्या आणि पुढे सज्जा. मालकीण मीनाताई खालीच राहतात. भिंतींना रंग द्या, पण खिळे बेताने ठोका, एवढीच त्यांची अट आहे. जागा पाहून मी इतकी सुटल्यासारखी झाले की अंगद जिना मोजत होता तेवढ्यात मी होकार देऊन टाकला.

सर्जेराव काकांच्या टेम्पोतून तुमची खाट आणि दोन्ही पेट्या सुखरूप आल्या. खाट आतल्या खोलीत खिडकीशी लावली आहे. दसऱ्याला तुम्ही यायचे, मग डोळ्याचे ऑपरेशन करायचे आणि त्यानंतर इथेच राहायचे, असे ठरले आहे. मी 'ठरले आहे' असे लिहिते खरे, पण पुण्याला बाबांकडे तुम्ही आठव्या दिवशी पिशवी भरली होती, ते मी विसरलेले नाही. म्हणून ही खोली अशी सजवायची आहे की तुमची पिशवी खुंटीवरून उतरूच नये.

हाती पैसे थोडे आहेत. माझा शाळेचा पगार आणि अंगदचा बियाण्यांच्या गोदामातला पगार भाड्यात आणि अनामत रकमेत गेला. तरी मोसंबीच्या बाजारातून फळ्यांची रिकामी खोकी मिळाली. ती घासून, गेरूने रंगवून, एकावर एक रचून फडताळ केले. टोपली पालथी टांगून दिव्याला छत्र केले. गोदामातल्या गोणपाटाला काठ शिवून बैठक झाली. अडले आहे ते दाराच्या पडद्यापाशी. बाजारातला पडदा परवडत नाही आणि जो परवडतो तो पाहवत नाही. पेट्यांमध्ये आजीचे जुने लुगडे असेल तर वापरू का?

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, हे एका परीने बरेच आहे. पत्रात मी शहाण्यासारखी बोलते, असे अंगदचे मत आहे. इथल्या दोघांवर माया ठेवावी आणि उत्तर मोठ्या अक्षरात नसले तरी मोठे लिहावे.

आपली,
आकांक्षा

*

जांब समर्थ
भाद्रपद शु. १४, शके १९४६

॥ श्रीराम समर्थ ॥

चि. सौ. आकांक्षा हिस अण्णांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. जागा मिळाली हे वाचून देवापुढे साखर ठेवली. मुलगी भाड्याच्या घरासाठी उन्हातान्हात फिरते आहे, या विचाराने जपाची माळ मध्येच थांबत असे. ती आता नीट फिरू लागली आहे.

तू पैसे थोडे असल्याचे लिहितेस. पूजेचे उपचार सोळा सांगितले आहेत. वस्त्र, अलंकार, छत्र, चामर हे सगळे कोणत्या गृहस्थाकडे असते? म्हणूनच शास्त्रकारांनी मोकळीक ठेवली आहे की जो उपचार हाताशी नसेल त्याच्या जागी चिमूटभर अक्षता वाहाव्या. देव त्या अक्षतांना वस्त्र मानून घेतो. घरालाही हाच न्याय लाव. तुझी खोक्यांची फडताळे मला राजवाड्याच्या ठिकाणी आहेत.

तुझ्या बापाने पुण्याच्या दिवाणखान्यात विजेवर चालणारा झरा बसवला आहे. त्याच्या आवाजाने मनाला शांती मिळते म्हणतात. मला ऐकू येत नसल्याने, शांती मिळाली का, हे प्रत्येक जण येऊन मोठ्याने विचारी. आठव्या दिवशी मी पिशवी का भरली, ते आता तुला कळले असेल.

पडद्याचे म्हणशील तर काळी पेटी उघड. तीत तुझ्या आजीची वस्त्रे आहेत. गेली तेव्हापासून मी त्यांना हात लावलेला नाही. जे निघेल ते निःशंकपणे वापर आणि प्रत्येक तुकड्यासाठी मला पत्र लिहीत बसू नकोस. दुसऱ्या पेटीस मात्र हात लावू नये. ती मी आल्यावर स्वतः उघडीन.

चि. अंगद यास आशीर्वाद. तुमच्या संसारावर रामरायाची छाया राहो, आणि या म्हाताऱ्याची आठवणही.

अण्णा

*

मस्तगड, जालना
२३ सप्टेंबर २०२४

॥ श्री ॥

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी शि. सा. नमस्कार. वि. वि.

पडदा झाला! तुमच्या आज्ञेप्रमाणे काळी पेटी उघडली. आजीच्या लुगड्यांतून कापलेले अठरा चौकोन निघाले. कुसुंबी, हिरवे, अंजिरी, एकाला तर तिच्या शालूचा काठ. अंगद म्हणाला की एकदा अण्णांना विचारून घे. मी म्हटले की अण्णांनी स्पष्ट लिहिले आहे, तुकड्यातुकड्यासाठी पत्र नको. तुम्ही एवढे मन मोठे कराल असे मला वाटले नव्हते. रिठ्याच्या पाण्यात धुऊन, मीनाताईंच्या शिलाई यंत्रावर ते जोडले. सकाळचे ऊन त्यातून आले की सारी खोली रंगते. मीनाताई तीनदा वर आल्या, तिन्ही वेळा साखर मागायला. त्यांचे खाली किराणा दुकान आहे!

आत जे बांधलेले होते ते सारे मोकळे करून सज्ज्यावर हवेला घातले आहे. पेटी रिकामी झाली, तिला खडूने नक्षी काढून खाटेशी बसायला ठेवली.

आणखी एक गोष्ट झाली आहे. ती मुद्दाम लिहीत नाही. ती तुम्ही येऊनच पाहावी. दसऱ्याला दिवस थोडे राहिले. अंगद आठवड्यातून दोनदा बसचे वेळापत्रक वाचून दाखवतो.

तुमचा लोभ आमच्या या माडीवरही चढून येवो.

आकांक्षा

*

जांब समर्थ
भाद्रपद वद्य १०

॥ श्रीराम समर्थ ॥

चि. सौ. आकांक्षा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र शेजारच्या रामप्रसादने वाचून दाखवले. 'सज्ज्यावर हवेला घातले' या शब्दांपाशी तो थांबला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला की अण्णा, काळी तर पोथ्यांची व्हती, म्या सोता उचलल्ती, पाठ धरली व्हती माझी. लुगड्यांची पेटी हिरवी हाय, तुम्हाला दोन्ही काळ्याच दिसून राह्यल्या.

खरे आहे. मोतीबिंदूमुळे गडद रंग मला आता एकच दिसतो. इथे पोथ्यांची पेटी खाटेच्या उजवीकडे असे आणि लुगड्यांची डावीकडे, म्हणून कधी चुकलो नाही. पेट्या टेम्पोत चढल्या आणि माझे उजवे-डावे इथेच राहिले; तुला लिहिताना रंग आठवून लिहायला गेलो, तो उलटाच लिहिला.

तू ज्यांना चौकोन म्हणतेस ती पोथ्यांची बासने होती. तुझ्या आजीने ती हाताने शिवली होती. त्यांत अठरा पोथ्या बांधलेल्या होत्या. पैकी एक माझ्या वडिलांनी बोरूने लिहिली. ती सुट्या पानांची आहे, आकांक्षा. तिला शिवण नाही, पुठ्ठा नाही. तिला बांधून ठेवणारे काही असेल तर ते बासनच. ते काढून ती तू सज्ज्यावर वाऱ्याला घातलीस. मस्तगडात वारा कसा वाहतो ते मला ठाऊक नाही. परंतु माझ्या वडिलांचे अक्षर कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या पायाखाली पडले असेल, हे डोळ्यांपुढून हलत नाही.

अनुज्ञा माझी होती, दोषही माझाच. तुला बोल लावीत नाही. रामप्रसाद फोन लावीत होता, मीच नको म्हणालो. तोंडून जे निघाले असते ते परत घेता आले नसते. पण दसऱ्याला मी येईन असे वाटत नाही. त्या पडद्याखालून रोज आत-बाहेर जाणे मला जमणार नाही. डोळ्याचे जे व्हायचे ते इथे होईल.

तुम्ही उभयता सुखी असा.

अण्णा

*

मस्तगड, जालना
३० सप्टेंबर २०२४

॥ श्री ॥

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी मस्तक ठेवून शि. सा. नमस्कार.

आधी मुख्य ते लिहिते. पोथ्या सुखरूप आहेत. सगळ्या. पणजोबांचे एकही पान उडालेले नाही.

तुमचे पत्र वाचले आणि लगेच रामप्रसाद काकांना फोन केला, तर ते म्हणाले की अण्णा पारावर जाऊन बसले, कुणाशी बोलंना गेले. म्हणून हे पत्र अंगद आजच्या पहिल्या बसने स्वतः घेऊन येत आहे. तो परत निघेपर्यंत त्याला जेवू घाला. रागातही तुम्ही ते विसरणार नाही.

पोथ्या पाहताच मी चपापले होते. परंतु बासनांच्या घड्यांत कसर लागली होती, अण्णा. ओल धरून दोन पोथ्यांची वरची पाने एकमेकांना चिकटली होती. मला वाटले, तुम्ही हे जाणूनच मला मोकळीक दिली. मी हवेला घातले असे लिहिले, पण कसे ते लिहिले नाही, ही माझी चूक. मीनाताईंकडून जेवणावळीची ताटे आणली. एका ताटात एक पोथी, पानांवर धुतलेला गोटा, सज्ज्याचे चिकाचे पडदे सोडलेले. दिवसाला तीनच. सूर्य थेट पडू दिला नाही. पणजोबांची पाने मी एकटीने उलटली. त्यांनी प्रत्येक पानाच्या उजव्या समासात आकडा घातला आहे. पहिले ते तीनशे बारा, दोनदा मोजले, एकदा अंगदने. आता मांजरपाटाची नवी बासने हळदीच्या पाण्यात रंगवून, आत वेखंड आणि कडुलिंबाचा पाला घालून, पोथ्या मोसंबीच्या फडताळात ठेवल्या आहेत. तुम्ही खाटेवर बसल्या बसल्या हात पोचेल, अशा उंचीवर.

पडदा नको असेल तर शिवण सैल आहे, एका दुपारी उसवीन.

आता न लिहिलेली गोष्ट लिहावीच लागते. शालूच्या काठाचे बासन सोडले, तर आत पोथी नव्हती. चौकटीच्या कागदाची वही होती. पहिल्या पानावर आजीचे नाव, आणि पुढे रांगोळ्या. ठिपक्यांच्या, वेलीच्या, गौरीच्या पावलांच्या, दिवाळीच्या. एकेका रांगोळीखाली, कोणत्या वर्षी अंगणात घातली, ते लिहिले आहे. माझ्या बारशाचीही आहे.

खोलीच्या भिंती उघड्या होत्या आणि चित्रे विकत घ्यायला पैसे नव्हते. मी तुमच्या खाटेसमोरच्या भिंतीवर गेरूचा पट्टा ओढला आणि त्यावर चुन्याने आजीच्या रांगोळ्या काढल्या. मधोमध तिचे मोठे कमळ आहे. तुमच्या शब्दांत सांगायचे तर वस्त्र-अलंकार नव्हते, म्हणून अक्षता वाहिल्या.

या ना अण्णा. चुकले असेन तर समोर बसवून रागवा. पत्रातला तुमचा राग फार सभ्य आहे, तो सोसत नाही.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
आकांक्षा

*

जांब समर्थ
आश्विन शु. २

॥ श्रीराम समर्थ ॥

चि. सौ. आकांक्षा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

अंगद आला तो पारावरच आला आणि पाने तीनशे बारा आहेत, असे माझ्या कानात एवढ्या जोराने ओरडला की मंदिरातून निघालेले लोक थबकले. त्यानंतर मी त्याला जेवू घातले. तू लिहिल्याशिवायही घातले असते. तो धपाटे सहा खातो, हे तुला ठाऊक असावे म्हणून लिहितो.

छातीवरचा दगड उतरला. चार दिवस संध्येला बसत होतो ते केवळ अंगाने. काल घटस्थापना केली आणि फार दिवसांनी मन हाताबरोबर होते.

आता माझी कबुली ऐक. वडील जाताना म्हणाले होते की सतरा पोथ्या तुझ्या स्वाधीन करतो. पुढे एका दसऱ्याला बासने मोजली ती अठरा भरली. मी मनाशी म्हटले, वडिलांची मोजणी चुकली असेल. अठरा ही संख्या शुभ, पुराणेही तितकीच. आत काय आहे ते उघडून पाहण्याची बुद्धी झाली नाही. तुझी आजी शेजारी निरांजन घेऊन उभी असे. ती त्या वेळी पदर तोंडाला लावी. मी समजत होतो, भक्तीने कंठ दाटला.

त्याच्या आधल्या वर्षी तिने मला विचारले होते की उंदरांपासून जपायची माझी एक वही आहे, ती तुमच्या पेटीत ठेवू का. मी म्हणालो की ती पेटी ग्रंथांची आहे. बासने तिनेच शिवली होती. आणखी एक शिवायला तिला कितीसा वेळ लागला असेल? तुझ्या बारशाची रांगोळीही तीत आहे, म्हणजे माझ्या पाठीमागे वही सोडून ती पुन्हा बांधत असणार. तेव्हापासून ती असेपर्यंत, आणि ती गेल्यावरही, प्रत्येक दसऱ्याला मी त्या वहीला गंध-फूल वाहिले, आपट्याचे पान ठेवले, साष्टांग नमस्कार घातला. चाळीस वर्षे होत आली. मला आता हसू येते आणि हसताना चष्मा काढावा लागतो. तिने मला ज्ञान दिले नाही असे कोण म्हणेल?

पडदा उसवू नकोस. त्याखालून मी वाकून जाईन. सतरा पोथ्यांना तुझी हळदीची बासने बरी आहेत. वहीला मात्र बासन बांधू नये. फार वर्षे बांधलेली राहिली. ती फडताळात उघडी ठेव आणि दसऱ्याच्या पूजेत पहिले गंध तिला लावू.

नवमीच्या दुपारच्या बसने येतो. पिशवी भरली आहे, परतीचे काही ठरवलेले नाही. भिंतीवरचे कमळ मला आत्ता दिसायचे नाही. गेरू आणि चुना यांचा केवळ धूसर पट्टा दिसेल. म्हणून एक विनंती आहे. ऑपरेशननंतर डॉक्टर पट्टी घरी काढू देत असतील तर मला खाटेवर बसवून, त्या भिंतीकडे तोंड करून, मग ती सोड.

तुझ्या घरात जागा मागणारा,
अण्णा