खुंटीवरची बॅग

सोमवार, १७ नोव्हेंबर

आजपासून पाच दिवस ट्रेनिंग! तेही नेमकं याच आठवड्यात. शुक्रवारी दुपारी बालकल्याण समितीसमोर रिताचं प्रकरण आहे, अन् मी भंडाऱ्यात हॉलमध्ये बसून चहा-बिस्कीट खात 'दत्तक, फॉस्टर अन् नातेवाइकांकडे वाढणारी मुलं' शिकून राहिले. चौदा वर्षं समुपदेशक आहे मी. आता हे शिकवणार मला!

रिता नऊ वर्षांची. जूनमध्ये बालगृहातून सिहोऱ्याला टिकाराम-शकुनबाईंच्या घरी फॉस्टरमध्ये, म्हणजे दत्तक न देता सांभाळायला, दिली. त्यांना मूलबाळ नाही. घर मीच पाहिलं, चांगलं आहे म्हणून मीच सांगितलं. पाच महिन्यांत दोघांनी हात टेकले. "चोर हाय पोरगी. नाही ठेवत आमी." फणी गेली, बांगडी गेली, टिकारामची चुन्याची डबीसुद्धा गेली. विचारलं की पोरगी तोंड शिवून बसते.

रिपोर्ट लिहून तयार आहे. 'चोरीची सवय. कुटुंब सांभाळण्यास असमर्थ. बालगृहात परत पाठवावे.' फक्त सही राहिली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शिकवायला नागपूरच्या तृप्ती मॅडम आहेत. माझ्याहून लहान, पण त्यांच्यासमोर कोणी मोबाईल काढत नाही. आज म्हणाल्या, "खुर्च्या सोडा. गुडघ्यांवर बसा. तुमच्या केसमधलं मूल व्हा अन् त्या उंचीवरून घरात काय दिसतं ते सांगा." आम्ही वीसेक जण, पन्नाशीचे डॉक्टरसुद्धा, गुडघ्यांवर! मला तर हसू आवरेना.

माझी पाळी आली. डोळे मिटून बोलत गेले— दार. चूल. धानाची पोती. शकुनबाईंचे पाय. खुंटीवर माझी बॅग.

"काय आहे बॅगेत?"

"कपडे. शाळेचे कागद."

"पाच महिने झाले तरी भरलेली? कोणी सांगितलं भरून ठेवायला?"

"माहीत नाही," म्हटलं.

खोटं! साफ खोटं! पोरीला सोडायला गेले तेव्हा दारातच शकुनबाईंना म्हणाले होते मी, "बॅग भरूनच ठेवा. समिती केव्हाही बोलावते, ऐन वेळी धावपळ नको." रिता शेजारीच उभी होती. सगळ्याच घरांत मी हेच सांगते, कित्येक वर्षांपासून. माझी शिस्त! वरून कौतुकही वाटायचं मला तिचं.

गुडघे अजून दुखून राहिले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

तब्येत बरी नाही असं सांगून जेवणाच्या सुट्टीत सटकले. आणखी एक खोटं. तुमसरपर्यंत बस, पुढे सिहोऱ्याला ऑटो.

शकुनबाई अंगणात धान पाखडत होत्या. बॅग खुंटीवरच.

"रिकामी नाही केली कधी?"

"काहून करू? तुमीच तं सांगतलं होतं. कपडे धुतले का पोरगीच घडी करून भरते. सरकारी कागद हायेत त्यात, आमी हातच नाही लावत." मग सुपाकडेच पाहत म्हणाल्या, "सरकारची पोरगी. आज हाय, उद्या नाही. जीव कायले लावाचा, मॅडम?"

माय वं! हे तर मीच शिकवलं यांना.

तेवढ्यात रिता शाळेतून आली. मला पाहिलं अन् चप्पलही न काढता सरळ आत गेली. बॅग काढून खांद्याला लावून माझ्यासमोर उभी!

"मॅडम, शुक्रवारी नाही का? आजच जाचं?"

नाही गं, म्हटलं, सहजच आले. पोरीने बॅग परत खुंटीला लावली. शकुनबाईंना खरं सांगायला गेले होते, पण टिकाराम धानाच्या बांधीतून येताना दिसले अन् मी पाणी पिऊन निघाले. भित्री कुठची!

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिले. "काल माझी तब्येत ठणठणीत होती. अन् ती बॅग भरायला मीच सांगितलं होतं." मला वाटलं आता तृप्ती मॅडम झापणार. त्यांनी एवढंच विचारलं, "रिपोर्टवर सही झाली?"

"नाही."

"मग दुसरा लिहा. त्यात ही बॅग येऊ द्या."

लिहिला. 'सदर सूचना मी दिली होती. चूक माझी आहे. मुलीला याच घरी आणखी वेळ द्यावा.' सही केली. मार्चमध्ये माझा करार संपतो, वाढवतात की नाही कोण जाणे. पण ठेवायचं की नाही ते शेवटी टिकारामच्या हातात. ते नाही म्हणाले तर माझा कागद काय कामाचा?

संध्याकाळी टिकारामना फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, निदान आज ती बॅग रिकामी करा, पोरीचे कपडे तुमच्या पेटीत ठेवा.

ते म्हणाले, "आता सांगून रायल्या तुमी? उद्या आणून सोडतो पोरीले." फोन कट.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तिघंही आले. शकुनबाईंनी समितीच्या टेबलावर रुमालाची गाठ सोडली. फणी. फुटकी बांगडी. चुन्याची डबी. काल रात्री बॅग रिकामी केली तेव्हा कपड्यांच्या खाली निघालं म्हणे.

अध्यक्षबाईंनी रिताला जवळ घेऊन विचारलं, कायले घेतलं हे? ती खाली पाहत म्हणाली, "तिकडं बालगृहात गेल्यावर मायचं-बाबाचं काही तं पाहिजे ना."

मी रडले. सगळ्यांसमोर.

टिकारामनी डबी उचलून पोरीच्या हातात दिली. "हे तुयीच. मी दुसरी घेतली." मग समितीकडे वळून, "पोरगी घरी चालली आमच्यासंगं."

"अन् बॅग?" मी विचारलं.

"तिच्यात कोंबडी बसवली अंड्यांवर," शकुनबाई म्हणाल्या.