व्याह्यांची परी

शाहूपुरी, कोल्हापूर

तीर्थस्वरूप आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजून घे. समोर असतो तरी ते ठेवता आलं नसतं, कारण मान आखडली आहे (कशानं ते खाली येईलच). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला का? त्यांनी तंबाखू सोडली असं तू मागं म्हणालीस, म्हणून खोकल्याची चौकशी जरा जपूनच करतो आहे. खरं तर फोनच करणार होतो. पण तू फोन स्पीकरवर टाकून चुलीशेजारी ठेवतेस, आणि तुझ्या स्वयंपाकघरात कुणी शिंकलं तरी पलीकडं आमच्या व्याह्यांच्या अंगणात ऐकू जातं. हे पत्र त्यांच्याविषयी आहे, म्हणून कागद घेतला. दाजींना वाचायला दिलंस तरी चालेल, मात्र मोठ्यानं वाचू देऊ नको.

आमची अनुजा सायकलवरून पडली हे तुला कळलंच असेल. नात दहा वर्षांची, पण सायकल उसाच्या ट्रॉलीसारखी हाणते. रंकाळ्याच्या कडेला वळताना घसरली आणि उजवा हात मोडला. डॉक्टरांनी कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. दुखणं तिनं मुकाट सोसलं, पण घरी आल्यावर टीव्हीखालच्या त्या खेळाच्या डबड्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपली ती उठेचना. जेवेना, बोलेना. सूनबाई निशिगंधानं पुरणपोळी केली, तिला हात लावला नाही. मी गोष्ट सांगायला बसलो तर म्हणाली, "आजोबा, ही तुम्ही सांगितलीय." (सांगितली होती. माझ्याकडं चारच आहेत.)

त्या खेळाचं असं आहे. डोंगराच्या पोटात एक राज्य असतं, तिथला उजेड एक काळा राजा चोरून नेतो, असा एक सिनेमा आहे. त्याचे पाच भाग निघालेत आणि प्रत्येक भागात थोडा थोडा उजेड परत मिळतो (सगळा एकदम मिळाला तर पुढचा भाग कशावर काढणार). त्याच सिनेमाचा हा खेळ. लहान मुलांसाठी असल्यामुळं त्यात रक्तबिक्त काही नाही. सगळी माणसं चिंध्यांच्या बाहुल्यांची. कुणी पडलं की टराटरा उसवतं, कापूस बाहेर येतो आणि लगेच आपोआप शिवून उभं राहतं. आपल्या लहानपणी असं असतं तर बरं झालं असतं. तर हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा. एकजण राक्षस, दुसरी परी. राक्षसाला उडता येत नाही, परीला दगड हलवता येत नाही, त्यामुळं एकमेकांवाचून पुढं जाता येत नाही. अनुजा आणि तिची आई मिळून तो जवळजवळ संपवत आणत होत्या, आणि हे प्लास्टर आलं.

नातीला बघायला म्हणून निशिगंधाचे वडील, म्हणजे तुझे शेजारी आणि आमचे व्याही आण्णा, नेसरीहून आले. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं, अशा बोलीवर. तुला ठाऊकच आहे की अनुजाच्या बारशापासून आण्णा माझ्याशी बोलत नाहीत. म्हशीचं प्रकरण तू नेहमी त्यांच्या अंगणातून ऐकलंस, आता माझ्याकडून ऐक. नातीला घरचं दूध मिळावं म्हणून त्यांनी दुभती म्हैस टेम्पोत घालून आणली. शाहूपुरीत. खाली रंगाचं दुकान, वर आम्ही राहतो. म्हैस रस्त्यात, तिच्यामागं गाड्यांची रांग, आणि आण्णा म्हणतात बांधा. मी विचारलं, कुठं बांधू? त्यांनी ते वाक्य अपमान म्हणून घेतलं. त्याच टेम्पोतनं म्हैस परत गेली आणि तेव्हापासून ते माझ्याशी तिसऱ्या माणसामार्फत बोलतात. मी समोर चहा पीत बसलेला असतो आणि ते लेकीला म्हणतात, "निशा, तुझ्या सासऱ्यास्नी सांग, पंखा जरा कमी करा म्हणावं." मी उठून कमी करतो. मग ते म्हणतात, "लई झाला कमी, सांग."

तर आण्णा आले, नातीच्या डोक्यावरनं हात फिरवला, आणि तिला असं पडलेलं बघून त्यांच्याच डोळ्यात पाणी आलं. म्हणाले, काय पायजे ते माग. पोरीनं भिंतीकडं बघतच सांगितलं की परीला पुलापलीकडं न्यायचंय. आण्णांना काही उमगलं नाही, पण शब्द देऊन बसले होते. निशिगंधा स्वयंपाकात, आमचा विश्वजित खाली दुकानात. घरात चार हात मोकळे, त्यातले दोन आण्णांचे आणि दोन माझे. अनुजा उठून बसली. मला वाटलं, मी घरचा आजा असल्यामुळं मला निवडायला देईल. तिनं राक्षसाचा कंट्रोलर माझ्या हातात दिला (मी त्याला रिमोट म्हटलं तर तिनं दोनदा सुधारलं) आणि परीचा आण्णांच्या. आक्का, तुझ्या डोळ्यांसमोर आण्णा आण. तो फेटा, त्या मिशा, ते खोकणं. आणि टीव्हीत त्यांच्या हुकमानं उडणारी गुलाबी पंखांची, हातात कांडी घेतलेली चिंध्यांची परी. मी हसलो नाही. हसलो असतो तर ते उठून गेले असते, आणि पोर परत भिंतीकडं वळली असती.

अनुजा सोफ्यावर मांडी घालून, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून, तालमीतल्या वस्तादासारखी सांगत होती. आण्णांची परी पहिल्यांदा छताला चिकटून राहिली. माझा राक्षस एका भिंतीकडं तोंड करून चालतच होता. मग त्यांना जरा उडायला जमलं, आणि एका दरीवर मध्येच परीचं बळ संपलं. ती खाली यायला लागली. राक्षसानं तिथं झेलायचं असतं, हे पोरीनं आधीच सांगितलं होतं. मी बटण शोधत होतो. आणि आण्णांच्या तोंडून गेलं, "पावणं, धरा की मला."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. निशिगंधा दारात येऊन उभी राहिली. दहा वर्षांत त्यांनी माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. मला ते इतकं अनपेक्षित होतं की मी झेलायचं विसरलो. परी दरीत जाऊन उसवली.

त्या संध्याकाळची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीचीही चुकली. रोज सकाळी आंघोळी आटपून आम्ही दोघं टीव्हीसमोर, मध्ये वस्ताद. बोलणं खेळापुरतंच, "डावीकडं या", "दगड ढकला", "थांबा, मी वर जाऊन बघतो". पोर हसायला लागली, आमचं बघत बघत ताटातलं खायला लागली. आणि मग तो पूल आला.

दोरांचा पूल. राक्षसानं अलीकडच्या खुंटाशी दोर धरून ठेवायचा, म्हणजे बटण दाबून ठेवायचं, आणि परीनं त्यावरनं चालत जायचं (वारा असल्यामुळं तिथं उडता येत नाही, असं सिनेमातच ठरलंय म्हणे). माझ्या बोटाला घाम यायचा, बटण सुटायचं, आण्णा खाली. पुन्हा शिवून उभे, पुन्हा खाली. असं बराच वेळ झाल्यावर त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "मुद्दाम सोडताय तुम्ही."

"बटण घसरतंय, आण्णा."

"म्हशीच्या वक्ताला बी असंच. घरी आलेलं परत धाडायची सवयच हाय तुमास्नी."

मीही मग बोललो. दुसऱ्याच्या घरी जनावर आणताना आधी एक फोन करावा, एवढं तरी. आवाज चढले. खाली दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं, असं नंतर विश्वजित म्हणाला. तेवढ्यात अनुजानं डाव्या हातानं माझा कंट्रोलर ओढला आणि म्हणाली, "भांडायचं असलं तर पॉज करून भांडा. परीचा कापूस चाललाय."

तिनं पॉज केलं. पडद्यावर दोघं होते तसे थांबले आणि आम्हीही थांबलो. भांडणाला अशी रीतसर परवानगी मिळाली की काय बोलायचं ते सुचत नाही. मग आण्णाच सांगायला लागले, पडद्याकडंच बघत. त्या दिवशी परत जाताना टेम्पो गावाच्या अलीकडंच बंद पडला. म्हैस उतरवून चालवत न्यावी लागली, तीही भर बाजारातनं, कपाळाला कुंकू आणि गळ्यात हार तसाच. जो तो विचारायचा, पावण्यांनी म्हस ठेवून घेतली न्हाय व्हय? (तू त्या दिवशी दारातच उभी असणार. मला एका शब्दानं कळवलं नाहीस.)

"पण आण्णा, वरच्या मजल्यावर म्हैस कशी चढवणार होतो मी?"

"न्हाय चढत," ते म्हणाले. "ते मला टेम्पोत बसल्या बसल्याच कळालं की. पर तवर लई बोलून बसलोतो."

"मग इतकी वर्षं?"

"तुम्ही कधी इचारलंसा?"

निशिगंधाला हाक मारून आण्णांना चहा विचार म्हणणार होतो, तोंड उघडलंही, आणि मग लक्षात आलं की ते इथंच बसलेत. म्हणून त्यांनाच विचारलं, "आण्णा, च्या घेणार का?" ते म्हणाले, "घ्यू की." चहा पिऊन आम्ही परत बसलो. या खेपेला मी बोटाला रुमाल गुंडाळला. परी एक एक पाऊल टाकत गेली, मध्यावर डुगडुगली, आण्णा स्वतःच सोफ्यावर डावीकडं कलले, आणि पोचली पलीकडं. अनुजानं प्लास्टर उशीवर आपटलं. आण्णांनी आनंदानं माझ्या पाठीवर जी थाप मारली, तिनं ही मान आखडली. डॉक्टर विचारत होते कशानं झालं. मी म्हटलं, परीनं मारलं.

त्यानंतर फक्त काळ्या राजाचा किल्ला राहिला होता. पण तिकडं रोपांसाठी भाताचा तरवा टाकायचा खोळंबला होता, आणि आण्णांना जावं लागलं. स्टँडवर मी सोडायला गेलो. खिडकीतनं म्हणाले, "ऱ्हायलेलं तुम्ही उरका." आता दुसरं माणूस नसलं की परीला मशीनच चालवतं. ती माझ्या मागनं गुमान येते, बरोब्बर उडते, कधी पडत नाही, कधी माझ्यावर आरोप करत नाही. किल्ल्याच्या दारापर्यंत गेलो आणि बंद केला. अनुजा रोज विचारते, नेसरीचे आजोबा कधी येणार.

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पावसाआधी कौलं बघून घ्या.

तुझा धाकटा,
आकाराम

ता. क. आण्णा कुठं भेटले तर सहज कानावर घाल की अनुजा त्यांची आठवण काढते आणि पोटभर जेवत नाही. तरवा टाकून झाला असेलच. मी लिहिलंय हे बोलू नको.

ता. क. दुसरा. अनुजा व्यवस्थित जेवते, तू काळजी करू नको. हे आण्णांना सांगायचं नाही.

ता. क. तिसरा. आक्का, तुझ्याशी खोटं बोलवत नाही. पोरीचं प्लास्टर निघालं. ती आता दिवसभर मैत्रिणींबरोबर बाहेर असते, आणि तो खेळ लहान पोरांचा आहे म्हणते. कपाटात ठेवून देत होती, मीच राहू दे म्हटलं. विश्वजित परवा म्हणाला, बाबा, मी बसतो तुमच्याबरोबर. त्याला मान दुखते असं सांगितलं. आण्णांना एवढंच कळव, की परी मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेली नाही.