एकटीची सायकल आणि मागून दादा

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या नणंदेचा साष्टांग नमस्कार. (हा लेखीच गोड मानून घ्या. प्रत्यक्ष घातला तर सध्या मला उठवायला माणसं लागतील.) तुमची टाच कशी आहे? गरम पाण्यात पाय बुडवून बसत जा. नुसती बादली भरून फोनवर बोलत बसलात तर पाणी गार होतं आणि टाच तशीच राहते. माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे मानेपासून वर उत्तम आहे. खालच्या भागांची चौकशी केली नाहीत तर बरं, कारण मर्यादा म्हणून काही असतं.

मी हे का करतेय, असं मी निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून उत्तर राहिलं. डायलिसिस केंद्राची व्हॅन कायमची बंद पडली. लांबून येणारे पेशंट तेव्हापासून कधी येतात, कधी येत नाहीत, आणि रक्त शुद्ध करून घेणं ही काही आज नाही तर उद्या अशी गोष्ट नव्हे, हे आईच्या वेळी आपण पाहिलंय. नव्या व्हॅनसाठी मी समुद्रापर्यंत सायकलनं जाईन, असं मी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. पन्नाशी उलटलेली, जन्मभर सोफ्याची कव्हरं आणि पडदे शिवणारी बाई, हसणारच. पण वहिनी, ते हसले नसते तर कदाचित मी दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले असते. मग त्यांनी पत्रक काढलं, त्यावर 'एकटीने, कोणाच्याही मदतीशिवाय' असं ठळक छापलं, आणि लोकांनी त्या शब्दांवर देणग्या कबूल केल्या. आता शब्द म्हणजे शब्द.

तर निघाले. केंद्राच्या दारात टाळ्या झाल्या, एका आजींनी हात हलवला, मी पहिलं वळण घेतलं, आणि मागे पाहते तो दादाची गाडी. माणूस चालेल त्या वेगानं, चारी दिवे लुकलुकत, आणि तिच्यामागे हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकांची रांग. एखाद्या मोठ्या माणसाची अंत्ययात्रा चालली आहे आणि पुढे सायकलवर मीच ती, असा देखावा. मी थांबून विचारलं, तर म्हणाला, मी माझ्या कामानं चाललोय. कसलं काम, ते त्याला सांगता आलं नाही. मी पाणी घेत नाही म्हटल्यावर तो पुढे जाऊन मैलाच्या दगडावर बाटली ठेवायला लागला. कोणीतरी विसरल्यासारखी. एकदा तर सोललेलं संत्रं ठेवलं होतं. (सोललेलं संत्रं कोण विसरतं?) पहिल्या दिवशी मी मान वळवून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं, तेव्हा मी असा निर्णय दिला की दिलेलं पाणी ही मदत, पण सापडलेलं पाणी हे नशीब.

माझ्या चड्डीचीही हकिकत सांगायला हवी, कारण ती इतरांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. सायकलवाल्यांची गादीची चड्डी दुकानात फारच महाग, म्हणून मी ती घरी शिवली आणि गादीला सोफ्याचा उरलेला फोम वापरला. शिलाई बिनचूक, बसायला राजेशाही. पण तिसऱ्या दिवशी पावसानं गाठलं. फोम पाणी पितो हे इतकी वर्षं गिऱ्हाइकांना मीच सांगत आलेय. चहाच्या दुकानात जाऊन बाकावर बसले, तर माझ्याखालून असा लोट निघाला की पलीकडच्या गृहस्थांनी पाय वर घेतले. दुकानदारानं फडकं आणलं. मी सावकाश चहा संपवला. अशा वेळी घाईनं उठलं की हसं होतं.

बाहेर आले तर दादा छत्री धरून उभा. तिथं माझा तोल गेला. मी म्हटलं, "दादा, आईला नेत होतास तसा मला नेऊ नकोस. मी आजारी नाहीये." त्यानं छत्री मिटली, गाडीत बसला आणि सरळ पुढे निघून गेला. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. आईला दिवसाआड केंद्रावर नेताना त्यानं चार वर्षांत एक खेप चुकवली नाही. ती गेल्यावरही त्या त्या सकाळी तो खाली जातो, गाडी पुसतो, जरा वेळ इंजिन चालू ठेवतो, मग बंद करून वर येतो. तुम्ही ते खिडकीतून पाहता आणि बोलत नाही. मी पाहिलंय तुम्हाला पाहताना.

मग मी खरोखर एकटी झाले. चाक पंक्चर झालं, ते मी रस्त्याकडेला बसून स्वतः काढलं (ट्यूबला ठिगळ लावणं हे शेवटी माझंच काम, फक्त कापड वेगळं). वारा समोरून होता. पुढचा घाट मी सायकलवरून न उतरता चढायचा, अशी शपथ घेतली होती. रडत नव्हते, पण शिव्या देत होते. माथा दिसायला लागला आणि शेवटच्या वळणावर दादाची गाडी उभी. बॉनेट उघडं, वाफ निघतेय, दादा फोन आभाळाकडे धरून रेंज शोधतोय. मला पाहून म्हणाला, "तू थांबू नकोस. वर पोच आधी."

वहिनी, मी पुढे जाऊ शकले असते. खरं सांगते, दोन पायडल मारलेही. मग उतरले आणि सायकल कठड्याला टेकवली. तो म्हणाला, सवय जात नाही गं. सकाळी उठलं की कोणालातरी घेऊन निघायचं असतं. एवढंच म्हणाला आणि उगाच रेडिएटरमध्ये डोकावला. मी सायकल फिरवली, जेवढा घाट चढले होते तेवढा सगळा उतरले, खालच्या गॅरेजमधून मेकॅनिकला मोटरसायकलनं वर धाडलं आणि तोच घाट पुन्हा चढले. यावेळी तीनदा उतरले. शपथ मोडली, पण घाट चढले. वर पोचले तेव्हा गाडी नीट होऊन उभी होती आणि दादा टाळ्या वाजवत होता. एकटाच.

आता माथ्यावरच्या लॉजमध्ये आहोत. त्यानं कबूल केलंय की उद्या तो सरळ समुद्रावर जाऊन थांबेल. पोचायला मला कितीही दिवस लागोत, पोचणार आहे.

तुमची,
नणंद

ता. क. खरं पत्र इथून पुढे आहे. व्हॅन येईल, पण चालवायला ड्रायव्हर मिळत नाही, असं डॉक्टर म्हणत होते. दादानं ती चालवावी असं माझ्या मनात आहे. मी सुचवलं तर तो बहिणीचा हट्ट म्हणून उडवून लावेल. तेव्हा तुमचं म्हणून तुम्हीच त्याचं मन वळवा. माझं नाव नको.

ता. ता. क. दादा आत्ता येऊन गेला. कोणाला लिहितेस म्हणाला. वहिनींना म्हटल्यावर बराच वेळ दाराशी घुटमळला. मी निघायच्या आधीच त्यानं डॉक्टरांना सांगून टाकलंय म्हणे, की व्हॅन तो चालवेल. फक्त तुम्हाला सांगायचा धीर होत नाही. चार वर्षांनी कुठं तो तुम्हाला दुपारच्या जेवणाला घरी मिळायला लागला होता, हे त्यालाही कळतं. तेव्हा वरचा ता. क. खोडलेला समजा. मन वळवायचं आहे ते तुमचं. घाट मी दोनदा चढले, पण हे काम काही माझ्या एकटीच्यानं व्हायचं नाही. तुम्हीच जरा हात लावा.