आतून कडी

३ नोव्हेंबर, सोमवार

लागलं! माझं नाव लागलं! आत्ताच फोन येऊन गेला. जिल्ह्यातल्या दिव्यांग केंद्रांची पाहणी करायला जी समिती फिरणार आहे, तिच्यात घरच्या माणसांची प्रतिनिधी म्हणून निशिगंधा राऊत! म्हणजे मी! पतपेढीत दिवसभर पासबुकं भरून देणारी मी आता अचानक जाऊन लोकांची दारं वाजवणार. समितीत तिघंच. श्रीपाद साहेब, समाजकल्याण खात्यातून निवृत्त झालेले. लिओना, थेरपिस्ट, तिशीची. आणि मी.

विनीतला सांगितलं. त्याने हातातला पापड खाली ठेवला. "ताई साहेब झाली?" म्हणाला. झाले रे बाबा! आई गेल्यापासून ठाण्यातल्या या टेंभी नाक्यामागच्या वन रूम किचनमध्ये आम्ही दोघंच, त्यामुळे टाळ्या वाजवायलाही तोच आणि पेढा खायलाही तोच.

विनीत एकेचाळीसचा. डाउन सिंड्रोम. रोज व्हॅनने बाळकुमच्या केंद्रात जातो, कागदी पिशव्या करतो, संध्याकाळी परत येतो. तिथे वरच्या मजल्यावर काही जण कायमचे राहतात. माझ्यानंतर विनीतला तिथे जागा मिळावी म्हणून केंद्राच्या सरोजताईंकडे शब्द टाकून ठेवलाय. माझ्यानंतर! आधी नाही. तोवर ते केंद्र नीट चालायला हवं, सुरक्षित राहायला हवं, एवढंच माझं मागणं. म्हणून तर या समितीत जायचा एवढा सोस.

४ नोव्हेंबर

ओळखपत्रासाठी तीन फोटो काढले. तिन्हींत मी चोरासारखी दिसते. चालेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली पाहणी! कल्याण. घाऊक बाजाराच्या मागची इमारत, जिन्यात कांद्याचा वास. आम्ही बेल वाजवली आणि पाच मिनिटांत बिस्किटांची बशी हजर. श्रीपाद साहेबांनी हात वर केला. "आपण पाहणीस आलो आहोत, पाहुणचारास नव्हे." आणि मग चहा घेतला. बिस्किटं मात्र नाही!

साहेबांचं काम झकास असतं. औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, आग विझवायचा सिलिंडर भरलेला आहे का, रात्री किती माणसं असतात. सगळं स्वतः हात लावून बघतात. मी नुसती मागे मागे. शेवटी धीर करून विचारलं, "बायकांची न्हाणीघरं कुठली?"

तिथले मॅनेजर हसले. "मॅडम, आपल्याकडे बायका-पुरुष असं काही नाही. सगळी मुलंच आहेत."

मी मान डोलावली. साहेबांनीही डोलावली. काय गोड बोलला माणूस, असंही वाटलं मला!

परतताना रिक्षात लिओना एकदम म्हणाली, "ती निळ्या मॅक्सीतली होती ना, केस पांढरे झालेली — ती किती वर्षांची असेल?"

म्हटलं, पन्नाशीची तरी.

"मग ती मूल कशी?"

७ नोव्हेंबर

कालपासून तो एकच शब्द कानात. मुलं, मुलं, मुलं. व्हॅनवाला म्हणतो, मुलं आली. केंद्रातल्यांच्या घरच्यांचा जो ग्रुप आहे, त्यावर आम्ही सगळे लिहितो, आमच्या मुलांसाठी. भाजीवाली मला विचारते, मुलाला काय आवडतं? आणि मी सांगते! आपल्याहून सात वर्षांनी लहान भावाबद्दल!

सकाळी विनीत आरशासमोर दाढी करत होता. कानाला फेस. विचारलं, "विनीत, तू मूल आहेस का रे?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू माझंच डोकं तपासायला हवं. "दाढी आहे," म्हणाला. संपला विषय!

११ नोव्हेंबर, मंगळवार

डोंबिवली. आज लिओनाने एक नवा प्रश्न काढला. न्हाणीघराला आतून कडी आहे का?

उत्तर — "बाहेरून आहे ना!"

बाहेरून! म्हणजे आंघोळ करणाऱ्याला दार लावता येत नाही, आणि कोंडता मात्र येतं. मी उडालेच. परतीच्या लोकलमध्ये साहेबांशी ठाण्यापर्यंत वाद घातला. ते म्हणाले, "आत कोणी पडलं, फिट आली, तर? आतली कडी म्हणजे धोका. सुरक्षितता आधी." लिओना म्हणाली, "सर, दार सताड उघडं ठेवून आंघोळ करणं हे सुरक्षित?" पडण्याची गोष्टही खोटी नाही म्हणा. पण काय रंगला वाद! पतपेढीत सव्वीस वर्षांत एवढी बोलले नसेन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बाळकुम. आपलं केंद्र! साहेबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की माझा भाऊ तिथे आहे. ते म्हणाले, "मग तुम्ही या, पण तोंड उघडायचं नाही." मी! तोंड उघडायचं नाही!

आत गेलो तर फुगे. आज बालदिन ना! सगळ्यांच्या डोक्याला कागदी टोप्या, गळ्यात चांदोबा-ससे लटकवलेले, स्पीकरवर बडबडगीतं. विनीत टोपी घालून बसलेला. मला बघून त्याने ती हळूच काढून मांडीखाली घातली. आणि त्याच्या शेजारी क्लेमेंटिना. कोळीवाड्याजवळची, पंचावन्नची असेल, भाऊ-भावजयींनी इथे आणून सोडलेली. तिचे दात गेलेत, बोलणं अडखळतं, कुणाला धड कळत नाही. एका विनीतला कळतं. तिच्या हातात लाल फुगा आणि चेहरा असा की फुगा कुणीतरी दंड म्हणून दिलाय.

सरोजताई हौसेने सगळं दाखवत होत्या. खरंच मायेची बाई. एकोणीस वर्षं स्वतःचं घर विसरून केंद्र चालवतात. लिओनाने न्हाणीघर बघितलं. आतून कडी नाही. बाहेरून आहे. तेवढ्यात मदतनीस टॉवेलांचा गठ्ठा घेऊन, दार न वाजवता, सरळ आत. पुरुष. आत त्या वेळी कुणी नव्हतं, नशीब.

लिओनाने मग ताईंना नाही, क्लेमेंटिनाला विचारलं. खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन. "आंटी, इथे काय आवडत नाय?"

क्लेमेंटिना बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत राहिली. आम्ही सगळे विनीतकडे बघायला लागलो. तो उभा राहिला, शाळेत राहायचा तसा. "ती म्हणते दार. तो दादा येतो. ती म्हणते, मी बाई हाय."

स्पीकर चालूच होता. सरोजताई म्हणाल्या, "अगं, तो आमचा दादा लेकरासारखं सांभाळतो सगळ्यांना..." आणि मध्येच थांबल्या.

मी तोंड उघडलं नाही. पण विनीतचा हात एवढा दाबला की तो ओरडला!

१५ नोव्हेंबर

साहेबांनी अहवालात लिहिलं! आतून कड्या बसवल्याशिवाय बाळकुमच्या केंद्राच्या नोंदणीचं नूतनीकरण नाही. वाद माझ्याशी घातला आणि लिहिलं लिओनाचं!

घरच्यांच्या ग्रुपवर मात्र आग लागलीय. "एका कडीसाठी केंद्र बंद पाडणार?" "आमच्यानंतर यांचं कोण बघणार, ही निशिगंधा?" केंद्रातल्या रसिकाची आई तर म्हणाली, घरभेदी! मी फोन उशीखाली ठेवला. परत काढला. परत ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सरोजताईंचा फोन. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रडत होत्या. "फ्रँकलिन तुला आठवतो ना? आतून कडी लावली, आत फिट आली. दार तोडेपर्यंत त्याचं डोकं फुटलेलं. त्या दिवशी मी माझ्या हाताने सगळ्या कड्या काढल्या गं. तुला काय वाटतं, मला त्यांची लाज घालवायची होती?"

मला फ्रँकलिन आठवतो. टाके आठवतात. कड्या काढल्या हे मात्र कधी लक्षातच आलं नव्हतं.

"तुझा विश्वास नसेल तर विनीतला दुसरीकडे बघ," म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुसरीकडे कुठे? अशी दोन केंद्रं मी या महिन्यात बघून आलेय.

१९ नोव्हेंबर

विनीत केंद्रात गेला. व्हॅन आली, एवढं पुरे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

लिओनाचा दुपारी फोन. "ताई, मी मॉलच्या टॉयलेटमध्ये गेलेले. तिकडची कडी बघितलीस कधी?" हा काय प्रश्न झाला? पण मुलगी हुशार. तिथे आतून फिरवली की बंद होते, बाहेर लाल रंग दिसतो. आणि बाहेरच्या बाजूला एक खाच असते. खाचेत नाणं घालून फिरवलं की दार उघडतं! दार तोडायला नको, काही नको!

पतपेढीतून अर्धा दिवस रजा टाकली आणि सरळ स्टेशनजवळचं हार्डवेअरचं दुकान. गल्ल्यावर दुकानवाला बंटी. मी हातवारे करून सांगतेय, खाच, नाणं, लाल, हिरवा. तो म्हणाला, "अरे मॅडम, एवढं काय टेन्शन, हॉटेलवाले हेच नेतात!" आणि मागून खोका काढून समोर ठेवला. म्हणजे हॉटेलात जेवायला आलेल्या अनोळखी माणसाची लाजही सांभाळायची आणि जीवही, याची सोय बाजारात कधीची तयार आहे. फक्त आमच्या माणसांसाठी ती कुणी विचारली नव्हती. मीपण नाही.

दुकानातच एवढी हसले की बंटीने पाणी आणलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाळकुमला गेले. नमुन्याची एक कडी, एक सुतार आणि विनीत. सरोजताई दारातच उभ्या, ये म्हणाल्या नाहीत. मी खोका पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून खाच बघितली. बराच वेळ बघितली.

सुताराने कडी बसवली. आता प्रयोग कुणावर करायचा? ताई म्हणाल्या, "माझ्यावर." आणि आत जाऊन कडी लावली! बाहेर लाल. आतून आवाज आला, "मी पडलेय असं समज! उघड!" मी पर्स उपसतेय, एक नाणं सापडेना. सगळं गुगलपे! विनीतने खिशातून रुपया काढला, खाचेत घातला, फिरवला. खट्! दार उघडलं. सरोजताई फरशीवर बसलेल्या, पदर तोंडाला लावून, हसताहेत का रडताहेत कळेना.

"मला कुणी सांगितलं का नाही गं इतकी वर्षं?" म्हणाल्या. मग दोघी तिथेच बसून चहा प्यायलो, न्हाणीघराच्या दारात!

प्रत्येक दाराशी दोरीला नाणं टांगायचं ठरलं. टॉवेल द्यायला बायकांकडे बाई जाणार, हेही ठरलं. आणि सगळ्यात पहिला नंबर क्लेमेंटिनाने लावला. आत गेली, कडी लावली, आणि अर्धा तास बाहेर नाही! आतून तिचं गाणं ऐकू येत होतं, चर्चमधलं काहीतरी, भसाड्या आवाजात. कुणीही दार ठोठावलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बाळकुमच्या नोंदणीचं नूतनीकरण झालं! श्रीपाद साहेब दुपारी स्वतः जाऊन एकेक कडी फिरवून आले म्हणे. मग मला फोन. "निशिगंधाबाई, यापुढे प्रत्येक केंद्रात हा प्रश्न पहिला. आणि मुलं हा शब्द आपल्या अहवालात येणार नाही. मी खोडला आहे." खोडला! ठसठशीत शाईने खोडला असणार, मी ओळखते त्यांना.

ग्रुपवर आता सगळे अंगठे दाखवताहेत. रसिकाच्या आईने तर गुलाब पाठवला. असू दे. मीही पाठवला.

केंद्रात आज वरच्या खोल्यांनाही तशाच कड्या बसल्या. विनीत संध्याकाळी उशिरा आला. म्हणाला, कोपऱ्यातली खोली रिकामी आहे, तिथे बसलो होतो. काय केलंस? "काही नाही. दार लावून बसलो." त्याला एवढा खूश मी कधी बघितला नव्हता. मी पुरणपोळी केली. मीठ जास्त पडलं, तरी चार खाल्ल्या त्याने. जिंकलो आम्ही! माझ्यानंतरची काळजी मिटली. आता मी सुखाने म्हातारी व्हायला मोकळी!

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठले तर विनीतची बॅग दाराशी. दाढीचं सामान, चार शर्ट, आईचा फोटो. "बाळकुमला राहणार," म्हणाला. मी म्हटलं, अरे, ते माझ्यानंतर! तो म्हणाला, "नाही. उद्या." सरोजताईंना त्याने स्वतःच विचारलंय.

मी बॅगेशेजारीच खाली बसले. त्याने माझा खांदा थोपटला. म्हणाला, "तू ये ना. पण दार वाजवून ये."