चार इस्पिकांवरचा थांबा

स्कार्वोय, शनिवार, ९ मार्च १९७४

प्रिय सिनोवे,

तू बरी असशील, तुझी लेक तोरुन आणि तिची पोरं बरी असतील, असं धरून चालते. मी बरी आहे. झालं विचारून.

इथे चार दिवस वारा थांबायचं नाव घेत नाही. कॉड मासा इतका येतोय की फॅक्टरीत पहाटे पाचला उभं राहायचं ते तीनपर्यंत पाठ सरळ होत नाही. काल अंगठा कापला, म्हणून अक्षर असं. तसंही माझं अक्षर कधी चांगलं होतं? शाळा सात वर्षं, तीही एक दिवसाआड. चुका काढत बसू नकोस.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. रविवारी ब्रिजची स्पर्धा संपली आणि सोमवारी सकाळच्या बोटीने तू निघूनही गेलीस. मी धक्क्यावर धावत आले होते, एप्रनसकट. तू वर कठड्याशी उभी होतीस आणि माझ्याकडेच बघत होतीस. हात नाही हलवलास. मला वाटलं, रागावली. वाटू दे म्हटलं, मीही रागावलेलीच होते.

तुझ्यावर नाही. त्या हॉलवर मास्तरवर. पंच झाला म्हणजे काय देव झाला? शाळेत पोरांना उभं करतो तसं मला उभं केलं त्याने, चाळीस माणसांसमोर. आपल्याविरुद्ध खेळणाऱ्या मोल्डेच्या त्या दोन भावांपैकी थोरला, तोंडात वॉफल, तसाच ओरडला, "पंच! इकडे या जरा!"

हॉलवर आला. चष्मा पुसला. म्हणाला, "बोर्गहिल्ड, ते चार इस्पिकांची बोली बोलले. तुझी भिडू दोन मिनिटं थांबली, मग पास म्हणाली. इतकं थांबली म्हणजे हातात काहीतरी असणार, हे तुला कळलं. आणि मग तू पाच चौकट बोललीस."

"सहा चौकट होती माझ्या हातात! मी बोललेच असते."

"असतीस कदाचित. पण भिडूच्या थांबण्यावरून काही उचलायचं नसतं. नियम तुला माहीत आहे."

"माझी भिडू गाढ झोपली असती तरी बोलले असते!"

लोक हसले. तू नाही हसलीस.

त्याने आपला निकाल पुसला. डबल झालेल्या पाच चौकटीत दोन हात कमी पडले, ते तीनशे गेले. बाकी सगळ्या टेबलांवर त्याच पानांवर आपल्या बाजूच्यांचे चारशे वीस गेले होते. म्हणजे त्या डावात आपण सगळ्यांच्या वर. त्याने आपलेही चारशे वीस लिहिले, आणि पहिल्या नंबरावरून आपण चौथ्यावर. पहिला नंबर ओस्लोच्या स्पर्धेला जाणार. बावीस वर्षं एकत्र खेळतोय, एकदाही ओस्लोला गेलो नाही.

जाताना तो मला कोपऱ्यात म्हणाला, "सोमवारपर्यंत अर्ज दे. चार ओळी पुरे. तिच्या थांबण्यातून तुला काहीच कळत नाही, हे समितीला पटलं तर गुण परत मिळतील. मलाही आवडेल."

हा सोमवार म्हणजे परवा.

मधे उठून चूल बघून आले. बघण्यासारखं काही नव्हतं.

तर तुझं कार्ड. "माझ्या विचार करण्याने आपण हरलो, माफ कर. ते चार बदामवर होते आणि मी डबल द्यावं का या विचारात होते." एवढंच. खाली नाव.

सिनोवे, ते चार बदामवर नव्हते. इस्पिकवर होते.

दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर म्हटलं असतं, गडबडीत लिहिलं. पण तू? बारा वर्षांपूर्वीचा ईस्टरचा डाव तू दुकानात साखर तोलता तोलता पान न् पान सांगायचीस, आणि गिऱ्हाईक तिकडे ताटकळत. आणि दुसऱ्याच दिवशी तुला हुकूम आठवत नाही?

मी पत्ते घेतले आणि चारही हात टेबलावर मांडले. मांडून काही उपयोग नाही हे माहीत होतं, तरी मांडले. तुझ्याकडे इस्पिकची दोन फालतू पानं. बदामचा राजा. किलवरमध्ये नऊच्या वर काही नाही. आणि माझ्या चौकटीची चार पानं, राजासकट. मी तीन चौकट आधीच बोलले होते. या हातावर डबल देऊन कुणी समोरच्यांना आव्हान देत नाही. या हातावर नवशिकासुद्धा पाच चौकट बोलतो, आणि दोन मिनिटं नाही, दोन श्वास घेतो. तूच शिकवलंस मला हे. मला धड बेरीज येत नव्हती, तेव्हा तू म्हणालीस, "बेरीज कशाला, तेरापर्यंत मोजता येतं ना? मग चार वेळा मोज." तेवढ्यावर मी न दिसणारे हात मोजायला शिकले.

म्हणून मोजलं. तू विचार करत नव्हतीस. तू खिडकीतून फेरीबोट बघत होतीस. पत्ते हातात होते पण पंखा मिटलेला होता. तुझी पाळी आहे हे तुला ठाऊक नव्हतं.

आणि मला हे टेबलावरच कळलं होतं. मग मोजायला काय बसले, विचार.

अर्ज मी बुधवारीच लिहिला. चार ओळी नाही, पानभर. खरं तेच लिहिलं. शरदापासून तुझ्या थांबण्याला काही अर्थ नसतो. तू कधी बोली विसरतेस, कधी पाळी विसरतेस. ती दोन मिनिटं रिकामी होती, त्यातून मला कळण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून आमचे गुण द्या. वाचून बघितलं. जिंकणारा अर्ज होता. पाकीट चिकटवलं. समितीत पाच जण आहेत, पाचही जण तुझ्या दुकानातून कॉफी नेतात.

तीन दिवस ते पाकीट एप्रनच्या खिशात घेऊन मी मासे कापले.

आता जे लिहिते ते एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा चूल बघायला जाईन. त्या पानात एक गोष्ट नव्हती. तू पास म्हणालीस ते स्वतःहून नाही म्हणालीस. मी टेबलाखाली पाय दाबला तुझा. एकदा दाबला, तू हलली नाहीस. पुन्हा दाबला, तेव्हा म्हणालीस. ज्याचं बोलणं ऐकलंच नाही त्याला आपण "हो हो" म्हणतो ना, तसं.

आणि हे रविवारी सुरू झालं नाही. नोव्हेंबरपासून दाबतेय. आधी एकदाच, तुझी पाळी म्हणून. डिसेंबरपासून दोनदाही, हे पान नको म्हणून. नाताळचा तुझ्या खिडकीतला कप माझ्या बुटाने जिंकलाय. याला आमच्या फॅक्टरीत चोरी म्हणतात आणि हॉलवरच्या पुस्तकातही चोरीच म्हणत असतील.

काल पाळी सुटल्यावर तशीच माशांच्या वासासकट हॉलवरच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दारातच वर्तमानपत्र पसरलं, त्यावर उभी राहिले.

"अर्ज आणलास?" तो म्हणाला.

"नाही. मी भिडूला टेबलाखालून पायाने खुणा करते. नोव्हेंबरपासून. लिहून घे."

त्याने चष्मा काढला. मग म्हणाला, "अगं, असं कशाला सांगतेस? कुणी विचारलं होतं का?"

"सांगितलं ना. लिही."

"मग या हिवाळ्यातले तुमचे सगळे निकाल पुसावे लागतील. तुला दोन वर्षं तरी बंदी. कशासाठी केलंस?"

"जिंकायला. आणखी कशासाठी करतात?"

"आणि सिनोवे? तिला माहीत होतं?"

"तिला काय माहीत असणार? तिला वाटायचं माझे पाय अवघडतात."

त्याने मान डोलवली. पटलं त्याला. बोर्गहिल्ड आडदांड आहे, तिच्याकडून असंच होणार, हे लोकांना लगेच पटतं. पाकीट त्याच्या बायकोच्या चुलीत घातलं, तिला विचारलंही नाही.

तेव्हा ओस्लो गेलं, कप परत करावा लागेल, आणि बेटावर माझं तोंड बघून लोक गप्प होतात. दुकानात तुझ्या जागी आलेली मुलगी पाव देताना माझ्याकडे बघत नाही. होऊ दे. तुझ्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. तुझं नाव स्वच्छ आहे.

पण सिनोवे, हॉलवरला मी खोटं सांगितलं. नोव्हेंबरात पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा तू दचकली नाहीस. काय ग, असं विचारलंही नाहीस. पुढच्या मंगळवारी जाड बूट सोडून कापडी जोडा घालून आलीस, थंडी एवढी असताना. आणि सगळा हिवाळा पाय तिथेच ठेवलास, मला सापडेल असा.

म्हणजे तुला माहीत आहे. माझ्याआधीपासून. तू रागावून नाही गेलीस. घाबरून गेलीस. तोरुनकडे गेलीस आणि तिलाही सांगितलं नाहीस, असं मी पैजेवर सांगते, कारण तिला माहीत असतं तर कार्ड टाकण्याआधी तिने वाचलं असतं.

मी भावनेचं लिहू शकत नाही, येत नाही. सरळ सांगते. तोरुनला सांग. डॉक्टरकडे जा, तिला बरोबर घेऊन जा, एकटी गेलीस तर तो काय म्हणाला ते परत येईपर्यंत विसरशील. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण ते खरं आहे. या महिन्याच्या शेवटापर्यंत तोरुनच्या अक्षरात पत्र आलं नाही, तर मी येईन, आणि तुझ्यासमोर तिला सांगेन. तू तेव्हा माझ्यावर ओरड. पंचाला बोलाव. मी ऐकून घेईन.

या टेबलाखाली तुझा पाय मला शोधता येत नाही, एवढ्या लांबून. म्हणून लिहावं लागलं.

आता पत्त्यांशिवायचीच, पण तुझी भिडू,

बोर्गहिल्ड