ठसा उठेना

८ जानेवारी, गुरुवार

गेटवरचं अंगठ्याचं मशीन: ५ पैकी ०. वॉचमननं परत रजिस्टर पुढं केलं. सही केली. म्हणाला, "काका, अक्षर लय भारी हाय तुमचं." अक्षर भारी असून काय करायचं? मशीनला अक्षर नको, अंगठा पाहिजे.

हॉल तिकीट आलं. बॉयलरची परीक्षा, रविवार ८ फेब्रुवारी, नागपूर. तीनदा वाचलं. सूचना क्र. ७: हजेरी अंगठ्याच्या ठशाने. ठसा न जुळल्यास केंद्रप्रमुखांचा निर्णय अंतिम. फॉर्म भरताना पण ठसा उठला नव्हता, तेव्हा ओटीपीवर भागलं. हॉलच्या दारात ओटीपी चालणार नाही.

एकोणीस वर्षं बॉयलर चालवतोय, कागदावर अजून हेल्पर. लॉगबुकात आकडे मी लिहितो, सही सलीम तांबोळीची, कारण सर्टिफिकेट त्याच्याकडे. वय त्याचं तीस. मार्चपासून बॉयलरवर फक्त सर्टिफिकेटवाला माणूस राहील असं ऑफिसनं तोंडी सांगितलंय. बाकीच्यांनी कंपनीच्या बागेत पाणी घालायचं.

अभ्यासाची भीती नाही. इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी घेऊन पान न् पान वाचलंय. भीती या बोटभर कातड्याची.

९ जानेवारी

सुटल्यावर दौंडात वर्षाताईंच्या ऑनलाइन सेवा केंद्रात. त्यांच्या मशीनवर १० पैकी १. त्या म्हणाल्या, केसांवरून अंगठा घासा, तेल लागतं, मग उठतो. मग माझ्या टकलाकडं बघून मशीनची काच पुसायला लागल्या.

स्क्रीनवर ठसा दाखवला. उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा. रेषा कमी, भेगा जास्त. पाण्याच्या सॉफ्टनरचं मीठ, गरम व्हॉल्व्ह, ही थंडी. त्यात माझं कातडं जन्मजात कोरडं आणि नाजूक, लोकरीचा स्वेटर सहन होत नाही. तीन वर्षांमागं कुणाची तरी क्रीम लावली तर हात कोपरापर्यंत सुजला होता.

"क्रीम लावा रोज. बायकांची म्हणून लाजू नका," वर्षाताई. लाजत नाही म्हटलं. आत काय आहे ते कळल्याशिवाय अंगाला लावत नाही, एवढंच.

आमचे वडील, आप्पा, अंगठाबहाद्दर. कर्जाच्या सोसायटीत अंगठा टेकवायचे आणि शाई पायजम्याच्या मांडीवर पुसायचे. चौथीत असताना मी ठरवलं होतं, आपण जन्मात अंगठा लावायचा नाही. आता

११ जानेवारी, रविवार

मेडिकलमध्ये पाऊण तास. भिंग घेऊन गेलो होतो. सगळ्या ट्यूबांवर पानं, फुलं, थेंब आणि 'नॅचरल'. मागं बारीक अक्षरात यादी. यादीत जे जास्त ते आधी लिहितात, हे लोकांना माहीत नसतं. कोरफडीच्या एका ट्यूबमध्ये कोरफड शेवटून तिसरी, सुगंधाच्याही मागं. दुकानदार म्हणाला, "थोरात, घ्यायचंय का पाठ करायचंय?"

माझ्या अटी. वास नको. पदार्थ मोजके, ओळखीचे. शर्टाच्या खिशात मावेल एवढं लहान, कारण गाडीत एकच पिशवी नेणार आणि तिच्यात कागद आहेत. सांडायला नको, वितळायला नको. आणि लावल्यावर पाऊण तासात मुरलं पाहिजे. काच तेलकट झाली तर मशीन उलट जास्तच नाही म्हणतं.

कातड्याला सोसतं का बघायला डाव्या हातावर बॉलपेननं तीन चौकोन काढले. १ खोबरेल. २ कोरफडीची लहान ट्यूब (प्रवासाची म्हणून विकतात). ३ पेट्रोलियम जेली, तुलनेपुरती. बायको, मंगल, बघत होती. म्हणाली, कॅरम खेळायचाय का हातावर.

१२ जानेवारी

चौकोन २ लाल, खाज. बाद. १ आणि ३ शांत.

खोबरेल अंगठ्याला: गेटवर ५ पैकी ०. वॉचमननं काच रुमालानं पुसली, मागच्या लायनीतले हसले. शिवाय सकाळी बाटलीत गोठतं. जेली मुरतच नाही, नुसती वर बसून राहते. दोन्ही बाद.

२७ दिवस.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटताना मंगलनं माझा हात धरून बघितला. मग सहज म्हणाली, माहेरी केडगावला तिची आई भाजल्यावर शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप लावायची. कातडं लोण्यासारखं व्हायचं.

हे आधी का नाही सांगितलं?

"तुम्ही इचारलं कवा? तुम्हाला पुस्तकातलं लागतं."

पुस्तकातही आहे. शोधलं. शतधौत घृत. तांब्याच्या भांड्यात तूप, वर पाणी, घोटायचं, पाणी ओतून द्यायचं. शंभर वेळा. दोनच पदार्थ, तूप आणि पाणी. वाचायला यादीच नाही.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी साडेआठ ते साडेअकरा. तांब्याची परात, तांब्याच्या लोट्याचं बूड, पाव किलो तूप. मोजायला ज्वारीचे शंभर दाणे एका वाटीत. एक पाणी झालं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. ६३ ला शेजारचे मामा आले आणि गप्पा मारता मारता त्यातले दोन दाणे तोंडात टाकले. वरून दोन पाणी जादा दिली.

मंगल: "येवढ्या तुपात सगळ्या आळीला पुरणपोळ्या झाल्या असत्या."

पण झालं. पिवळं तूप पांढरं फेक, हलकं, बोटावर घेतलं की गार. वास नावाला. पंधरा ग्रॅमच्या डब्यांत भरलं, तारीख लिहिली. हातावर चौकोन ४. उद्यापर्यंत थांबणार.

२२ जानेवारी

चौकोन ४ शांत. तीन दिवस अंगठ्याला लावतोय. भेगा मिटायला लागल्या. गेट: ५ पैकी २!! वॉचमननं चहा पाजला. सलीम म्हणाला, "मामा, रजिस्टरचा धंदा बसला की तुमच्यामुळं." बरा आहे पोरगा. पण सही त्याचीच असते.

२५ जानेवारी

डबी उघडली, वास आला. खवट. किती घोटलं तरी आत पाणी राहतं, नासणारच. नागपूरला ताजं न्यावं लागणार. म्हणजे ३१ ला परत शंभर.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आमचं नळाचं पाणी जड. पातेल्याला पांढरा थर बसतो. असं पाणी मी बॉयलरला घालू देणार नाही आणि अंगठ्याला घालतोय. म्हणून अंगठा अजून पुरता सुधारत नसेल. ५ पैकी २ वर अडकलंय.

उपाय आहे. वाफ थंड होऊन परत येतं ते कंडेन्सेट. क्षार शून्य. बाटलीबंद पाण्यापेक्षा शुद्ध. माझ्या हाताखालून रोज टाकी भरून जातं.

३१ जानेवारी

केलं. दोन कॅन पाणी आणलं होतं. शंभर पूर्ण, या वेळी कुणी दाणे खाल्ले नाहीत. पहिल्यापेक्षा पांढरं. चौकोन काढला नाही. तूप तेच, भांडं तेच, पाणी उलट चांगलं. दहाही बोटांना लावलं.

१ फेब्रुवारी

आग होतेय.

संध्याकाळी बारीक पुरळ. उजवा अंगठा, दोन बोटं, डाव्याचं टोक. मंगलनं बादलीत हात बुडवून बसवलं. बोलली असती तर बरं.

सात दिवस.

२ फेब्रुवारी, सोमवार

गेट: लावूनच बघितला नाही. रजिस्टर. पेन धरताना कातडं ओढतं.

सलीमनं हात बघितले. सगळं विचारून घेतलं, मीही सांगितलं, लपवण्यात अर्थ नव्हता. कंडेन्सेट म्हटल्यावर तो थांबला. मग हळू आवाजात, "मामा, लायनीला गंज धरू नये म्हणून वाफेत आपण रोज काय सोडतो?"

मी हात पाठीमागं नेले.

डोसिंग. गंज रोखायचं रसायन. वाफेबरोबर जातं, पाण्याबरोबर परत येतं. रोज सकाळी मीच सोडतो, हातमोजे घालून. परीक्षेला हा प्रश्न येईल म्हणून उजळणी करताना मीच त्याला मागच्या आठवड्यात समजावून सांगत होतो. सलीमकडून शिकायचं नव्हतं. त्यातून हे.

दुपारी डॉक्टर. म्हणाले, घरचे प्रयोग बंद, दिलेली गोळी घ्या, हात कोरडे पडू देऊ नका. साल निघेल, खालून नवं येईल. किती दिवसांत? पाच, सहा, आठ. माणसागणिक वेगळं. असं उत्तर मी बॉयलरबद्दल दिलं असतं तर नोकरी गेली असती.

३ फेब्रुवारी

सलीमशी कामापुरतं बोललो. तोच आला. त्याच्या आईचे हात असेच होते, शिरूरला एका जुन्या वैद्यांच्या दुकानातलं मलम लावते, तीळतेल आणि मधमाशांचं मेण, बाकी काही नाही. उद्या सुट्टी आहे, घरी जातोय, चला म्हणाला.

नको म्हटलं. जेवायच्या सुट्टीत परत गेलो आणि किती वाजता ते विचारलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

शिरूर. सलीमची गाडी, मी मागं. वारा हातांना लागू नये म्हणून बोटं काखेत.

त्याच्या आईचं पानाचं दुकान, तीस वर्षं चुन्यात हात. त्यांनी माझी बोटं उलटीसुलटी बघितली, डॉक्टरनं बघितली नव्हती एवढा वेळ. मग स्वतःचे तळवे पुढं केले. मऊ. रेषा स्पष्ट.

"भाऊ, रेशनच्या मशीनपुढं मी बी रडलीय. माझंच नाव, माझंच कार्ड, आन् मशीन म्हंतंय ही बाई न्हवं."

मी यादी विचारली, आणखी काय काय असतं त्यात. हसल्या. "तीळ आन् मेण. त्यात काय वाचायचं? लावायचं कमी, पुसायचं जास्त. लोक उलटं करत्यात."

दुकानात दोन मापं. मोठी बरणी आणि दहा ग्रॅमची पत्र्याची चपटी डबी. दोन डब्या घेतल्या. एक खिशात, एक पिशवीत. डबी उलटी धरून झटकली, उन्हात गाडीच्या सीटवर दहा मिनिटं ठेवली. वितळली नाही. सलीम बघत होता.

घरी येऊन चौकोन ५. बोटांना उद्या. मंगल म्हणाली, चारच दिवस राहिलेत, आजच लावा की. नाही. एकदा चुकलो.

५ फेब्रुवारी

चौकोन ५ शांत. लावलं. अंगठ्याचं साल कांद्यासारखं निघतंय. खाली गुलाबी. गुलाबीवर रेषा आहेत का? भिंगातून बघितलं. आहेत वाटतं. उजेड कमी होता. परत बघितलं. पुस्तक उघडं ठेवून दिवसभर अंगठाच बघितला.

६ फेब्रुवारी

गेट: ५ पैकी १.

लॉगबुकात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'कंडेन्सेट अंगाला लावू नये. डोसिंग असते. थोरात.' सलीमनं वाचलं. खाली सही केली, रोजच्यासारखी. मग म्हणाला, "मामा, परत आल्यावर ह्या रकान्यात माझी सही नको." मी पेन त्याच्याकडून घेऊन खिशाला लावलं. आभार मानायचे राहिले.

७ फेब्रुवारी, शनिवार

वर्षाताई: १० पैकी ४. लावून पाऊण तास, दोनदा पुसून. पुसलं नाही तर २. सलीमच्या आईचं खरं.

पिशवी: हॉल तिकीट, आधार, दोन पेनं, मऊ रुमाल, डबी नं. २ रबरबँड लावून. गाडी संध्याकाळची. निघताना मंगलनं स्वतः माझ्या अंगठ्याला मलम लावलं, कुंकू लावतात एवढंच. म्हणाली, "न्हाई उठला तर न्हाई. बागेत पाणी घालायला बी डोकं लागतं." राग आला. नगर मागं पडेपर्यंत होता. मग आठवलं, ती लग्नापासून माझं ऐकत आलीय आणि तुपाचं तिनंच सांगितलं होतं, ते घरच्या नळाच्या पाण्यानं बरोबर होतं.

डब्यात समोरचा माणूस विचारत होता, हाताला काय झालंय. कामाचे हात आहेत म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार, नागपूर

हवा दौंडपेक्षा कोरडी. उठल्या उठल्या बोटं ताठ. तोंड धुताना साबण टाळला.

८.१०. केंद्रासमोर चहाची टपरी. मलम लावलं, ज्वारीच्या दाण्याएवढं. रांग लागलीय. बहुतेक पोरं सलीमपेक्षा लहान. एकजण माझ्या वयाचा, चंद्रपूरचा, अंगठा कपाळावर घासतोय, परत परत. त्याला केस आहेत, तरी कपाळ. डबी पुढं केली. त्यानं आधी यादी विचारली. बरं वाटलं. तीळ आणि मेण म्हटलं. लावायचं कमी, पुसायचं जास्त.

८.४०. दारातून बातमी आली, मशीन एकच आहे, प्रत्येकाला तीन संधी. वर्षाताईंकडे दहात चार. तिनात किती, याचं गणित मला येतं. करणार नाही.

तो चंद्रपूरवाला विचारतोय, तुमचा उठतो का? घरी उठला होता म्हटलं.

आत काही नेता येत नाही. रांग हलली की वही, डबी, घड्याळ पिशवीत, पिशवी टपरीवाल्याकडे. न्यायचं ते फक्त हॉल तिकीट, आधार, पेन आणि हात.

८.५५. पुसला. रुमालानं एकदा, परत एकदा. मग न कळत पँटीच्या मांडीवर, आप्पा पुसायचे तसा. रांग हलली